पाचवे शील आणि तिसरे शरण

१

१८८४ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात झिंगराजी जानोरकर नावाचा एक परीट मरण पावला. दारूने त्याचे शरीर खाल्ले आणि शरीराच्या आधी घर खाल्ले. त्याची बायको सखुबाई आठ वर्षांच्या पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला गेली. तो पोरगा, डेबू, मामाची गुरे राखत, शेत कसत मोठा झाला. पुढे त्याला मुलगी झाली. बारशाला जातभाईंना दारू आणि मटण घालायचे, हा रिवाज होता. डेबूजीने पंगतीत गोडाचे जेवण वाढले. १९०५ साली त्याने घर सोडले आणि महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला.

शाळेत ही गोष्ट आपण स्वच्छतेच्या धड्यात ऐकतो. खराटा आणि गाडगे लक्षात राहते. झिंगराजी लक्षात राहत नाही. एका थोर माणसाचा दारुडा बाप, एवढेच त्याचे इतिहासातले स्थान. त्याला कोणी कधी विचारले होते का, की बाबा, तुला सोडायची आहे का? सोडायची असती तर त्याने कोठे जायचे होते, कोणाजवळ बसायचे होते? गावात गुत्ता होता, जात होती, सावकार होता. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला बसायला जागा नव्हती.

मी अकोल्यात एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. अकरा वर्षे मी दारू प्यालो. गेले चौदा महिने प्यालेलो नाही. ज्या सभेत बसून हे जमले, त्या सभेचा एक दंडक आहे की सभासदाने आपले नाव घालून छापील मजकुरात सभासदत्व सांगू नये. म्हणून या लेखाखाली माझे नाव छापू नका, अशी विनंती मी संपादकांना केली आहे. आपल्या माणसांचे नाव छापून यायला किती पिढ्या खर्ची पडल्या हे मला माहीत आहे. तरीही ते येथे नको. इतिहास लिहिणाऱ्याने आपण कोठे उभे राहून लिहितो हे मात्र सांगितले पाहिजे. मी झिंगराजीच्या बाजूला उभा आहे.

२

दारूविरुद्धचा पहिला मार्ग म्हणजे सरकारचा, कायद्याचा. या मार्गाचा इतिहास दुतोंडी आहे. इंग्रज सरकारने दारूच्या मक्त्यांचे लिलाव केले आणि अबकारीचे उत्पन्न तिजोरीत घातले. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली जोतीराव फुल्यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली. दारू गरिबाच्या घरात शिरते आणि पैसा सरकारच्या घरात जातो, हे त्यांनी ओळखले होते.

दारू हे मालकाच्या हातातले हत्यार कसे होते, हे अमेरिकेतल्या गुलामांनी आपल्याही आधी लिहून ठेवले आहे. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून निसटलेला लेखक. १८४५ साली छापलेल्या आत्मकथेत तो सांगतो की नाताळच्या सुट्टीत मालक आपल्या गुलामांना मुद्दाम झिंगेपर्यंत दारू पाजत. कोणाचा गुलाम जास्त पितो यावर पैजा लावत. हेतू असा की चार दिवसांच्या त्या मोकळिकीची गुलामाला स्वतःलाच शिसारी यावी आणि त्याला वाटावे, स्वातंत्र्य म्हणजे हेच असेल तर मालकाचे शेत बरे. आपल्या गावगाड्यातही सणावारी, बारशात-मयतीत दारू मोकळी होती आणि पाणवठा बंद होता. पाण्याला शिवू न देणारी व्यवस्था दारूला शिवू देत होती. याचा अर्थ डग्लसच्या वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही.

पुढे काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३८ चा दारूबंदी कायदा झाला. मुंबई राज्यात १९४९ चा झाला. विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेल्यावर १९५९ मध्ये तो मुंबईचा कायदा आपल्याकडेही लागू झाला. नंतर परवाने सैल झाले. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि सरकारमान्य देशी दारूच्या दुकानाची पाटी गावोगाव लागली. शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावाने कोरडा ठेवला. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. कायदा येतो, जातो, पुन्हा येतो. माणूस पीत राहतो.

या ठिकाणी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडे ती फार बोलली जात नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः दारूला न शिवणारे. पण १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा त्यांनी काढला त्यात सरकारी दारूबंदीला सरळ वेडेपणा म्हटले आहे. त्यांचे म्हणणे रोकडे होते. बंदीने उत्पन्न बुडते, आणि हा पैसा शिक्षणासारख्या कामाला लागला असता. बंदीने दारू थांबत नाही. ती घराघरात गाळली जाते. पूर्वी पुरुष पीत. भट्टी घरात आली, तेव्हा बायका आणि मुलेही पिऊ लागली.

हे वाचताना मला माझी वस्ती आठवते. गूळ, नवसागर, मोहफुले, जमिनीत पुरलेले डबे. धाड पडली की गडी मागच्या बाजूने पळत आणि गुन्हा दाखल होई तो चुलीशी सापडलेल्या बाईवर. बंदीचा काळ संपला तरी हातभट्टी उरली, कारण ती देशीपेक्षा स्वस्त होती. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) दारू विकून घर चालवणारी आजी आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) बापाची दारू आहे. दलित आत्मकथनांनी हे लपवले नाही. आपल्या भाषणांनी आणि सभांनी मात्र पुढे लपवले. तो प्रश्न पुढच्या भागाचा.

३

दुसरा मार्ग प्रतिज्ञेचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. मी दारू पिणार नाही, ही त्यांपैकी एक. पाच वर्षांपूर्वी सरकारी बंदीला वेडेपणा म्हणणारा हाच नेता आता दारू सोडण्याची शपथ देत होता. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. शिपायाच्या दंडुक्याने होत नाही ते माणसाच्या स्वतःच्या शब्दाने व्हावे, अशी ती मांडणी आहे. बंदी वरून येते. शील माणूस स्वतः घेतो.

माझा आजोबा त्या मैदानावर होता. मूर्तिजापूरहून गाडीत बसताना बायको आणि डोक्यावर भाकरीचे गाठोडे होते, असे तो सांगे. परत आल्यावर त्याने दारू सोडली. लहानपणी मी ही गोष्ट एका माणसाच्या निर्धाराची म्हणून ऐकली. आता वेगळी ऐकू येते. आजोबा पुढे म्हणत असे, “आमी समद्यायनं सोडली.” या ‘समद्यायनं’ला महत्त्व आहे. त्या वर्षी वस्तीने मिळून देव नदीत सोडले, मेलेली ढोरे ओढणे सोडले आणि दारूही सोडली. संध्याकाळी पारावर बसायचे ते आता पंचशील म्हणायला बसत. कोणाचे पाऊल गुत्त्याकडे वळले तर दुसरा हात धरून आणी; तिसरा त्याच्यासोबत रात्र काढी. सगळ्यांची सुटली असे नाही. पण ज्यांची सुटली त्यांची एकट्याने सुटली नव्हती.

माझा बाप अकोल्याला जिनिंग फॅक्टरीत गठाणी बांधायला आला. शनिवारी मजुरी मिळायची आणि मुकादमासकट सगळे जिनाच्या फाटकावरून सरळ गुत्त्यावर जायचे. वस्ती मागे राहिली होती. पार मागे राहिला होता. घरात बाबासाहेबांचा फोटो होता आणि फोटोखाली बाप झोपलेला असे. आई सकाळी उठून आधी फोटो पुसायची, मग त्याचे तोंड पुसायची. तो पन्नाशीआधी गेला. मयतीला आलेल्या एका कार्यकर्त्याने मला बाजूला घेऊन सांगितले की कावीळ झाली होती म्हणून सांग. मी तसेच सांगितले.

माझी दारू वेगळ्या रूपाने आली. एम.ए. झालो, सेट झालो, तासिका तत्त्वावर लागलो. पगार महिनोन्महिने रखडायचा. परीक्षेच्या कामानंतर, नेमणुकीनंतर, कोणाच्या बदलीनंतर ओली पार्टी. त्या टेबलावर पहिल्यांदा मला कोणी आडनावावरून बाजूला बसवले नाही, असे वाटले. दोन पेग झाल्यावर सगळे भाऊ होतात. सकाळी स्टाफरूममध्ये ते भाऊपण उतरलेले असे, म्हणून संध्याकाळी पुन्हा ते शोधायला जायचे. पुढे टेबल सुटले. क्वार्टर खिशात आली. मग सकाळच्या तासाआधी हात थरथरू नये म्हणून दोन घोट.

आणि मी व्याख्याने देत होतो. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १४ ऑक्टोबर. विषय ठरलेला: बावीस प्रतिज्ञांचे सामाजिक महत्त्व. विहारात पंचशील घेताना चार शिलांपर्यंत माझा आवाज ऐकू येई. पाचव्याला मी खोकत असे. एका अशोक विजयादशमीला व्याख्यान आटोपून रात्री अकराला घरी आलो तेव्हा आई दारात बसली होती. ती एवढेच म्हणाली, “दिवसा बाबासाहेबाचं नाव, अन् रातीले हे?” मग तिने ताट वाढले. तिने आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते.

आपली चूक कोठे झाली, याचा विचार मी बराच केला आहे. प्रतिज्ञेत चूक नाही. आपण प्रतिज्ञेला प्रतिष्ठेचे चिन्ह केले. बौद्ध म्हणजे न पिणारा, हे एकदा जाहीर झाल्यावर पिणारा बौद्ध लपू लागला. विरोधक बोट दाखवतील म्हणून समाजानेही त्याला लपवले. प्रस्थापित घरातला दारुडा हा त्या घराचा प्रश्न असतो. आपल्या घरातला दारुडा सगळ्या समाजावर पुरावा म्हणून वापरला जातो. ही भीती खोटी नाही. पण तिच्यापायी प्रतिज्ञा मोडलेल्या माणसाला परत यायला दारच उरले नाही. त्याने एक तर खोटे बोलायचे किंवा मरायचे. माझ्या बापाच्या बाबतीत दोन्ही झाले, आणि खोटे मी बोललो.

४

एस.टी. स्टँडवरच्या मुतारीच्या भिंतीवर एक लहानसा कागद मी कित्येक वर्षे पाहत होतो. दारू सोडायची इच्छा असेल तर या क्रमांकावर बोला, एवढाच मजकूर. एके दिवशी तो क्रमांक मी पुरवणीच्या कोपऱ्यावर उतरवून घेतला. दोन आठवड्यांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने नाव विचारले नाही, किती वर्षे पितो हेही विचारले नाही. त्याने विचारले, “आज पेले का?” मी हो म्हटले. तो म्हणाला, “मंग उद्या या.”

अकोल्यातल्या सभेला जायची हिंमत नव्हती. विद्यार्थी पाहतील, विहारातले कोणी पाहील. मी अमरावती धरली. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो, तेथून ऑटोने शहरात. एका शाळेची खोली, लहान मुलांचे बाक, फळ्यावर शुक्रवारचा सुविचार तसाच. पंधरा-सोळा माणसे गुडघे दुमडून त्या बाकांवर बसली होती. एक जण उठला, आपले पहिले नाव सांगितले, मी दारुडा आहे म्हणाला आणि मागच्या रविवारी पोराच्या दप्तरातली फीची रक्कम कशी घेऊन गेलो ते सांगू लागला. कोणी त्याला उपदेश केला नाही. त्याचे झाल्यावर दुसरा उठला.

माझ्या ध्यानात एक गोष्ट तेव्हाच आली. कोणी आडनाव सांगत नव्हते. त्या लोकांनी हा नियम अमेरिकेत लाज झाकण्यासाठी केला. आपल्या देशात आडनाव गेले की आणखी काय जाते, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगायला नको. शाळेच्या हजेरीपासून नेमणुकीच्या मुलाखतीपर्यंत ज्या आडनावाने माझ्याआधी खोलीत प्रवेश केला होता, ते त्या दिवशी बाहेर राहिले. जात संपली असे मी म्हणणार नाही. बारमध्ये पिणारा आणि हातभट्टीवर पिणारा बोलू लागले की कोण कोणत्या वस्तीतला हे कळतेच. पण तेथे बसण्याचा हक्क आडनावावर नव्हता.

चहाच्या वेळी एक माणूस जवळ आला. “सर, मी बी अकोल्याचाच हाव. तिथं कोनी पाह्यलं तं? म्हनून इथं येतो.” तो मला ओळखत होता, त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. आम्ही दोघेही एकमेकांपासून लपण्यासाठी शंभर किलोमीटर आलो होतो. परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो आणि मूर्तिजापूर येईपर्यंत काहीच बोललो नाही. नंतर बोलत राहिलो.

५

या सभेचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्यात हरून ओहायो राज्यातल्या अक्रन गावी एका हॉटेलात उभा होता. पाच-सहा महिने त्याने दारू टाळली होती. समोर बार होता. आत जाण्याऐवजी त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. त्याला गावातला दुसरा एखादा दारुडा हवा होता. त्याला सुधारायचे म्हणून नव्हे, तर त्याच्याशी बोलल्याने आपण वाचू म्हणून. तो दुसरा भेटला, तो एक शल्यवैद्य होता. १० जून १९३५ हा त्या डॉक्टरच्या शेवटच्या घोटाचा दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेचा स्थापनादिन मानतात. १९३९ साली त्यांचे पुस्तक आणि बारा पायऱ्या छापून आल्या. सभासदत्वाला एकच अट: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही. बाहेरची देणगी घेत नाहीत. भारतात त्यांची पहिली सभा मुंबईत मे १९५७ मध्ये भरली.

तारखा एकापुढे एक ठेवून पाहा. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या काठी गाडगेबाबा गेले. पाच महिन्यांनी मुंबईत मूठभर माणसे पहिल्यांदा अशी बसली. प्रतिज्ञा घेणारे लाखो होते आणि सभेत बसणारे मूठभर. दोघांची गाठ पडली नाही. पडती तर माझ्या बापाला उपयोग झाला असता.

ही चळवळ परकी आहे, या आक्षेपाकडे मी दुर्लक्ष करीत नाही. दोन आक्षेप खरोखर गंभीर आहेत.

पहिला आक्षेप ईश्वराचा. सभेची घडण ख्रिस्ती वातावरणात झाली. पायऱ्यांत ईश्वराचे नाव येते. सभेच्या शेवटी प्रार्थना होते. ज्याने बावीस प्रतिज्ञांत देव नाकारले त्याने येथे हात जोडायचे का? पहिल्या दिवशी मी प्रार्थनेला उभा राहिलो, ओठ मिटून. नंतर एका जुन्या सभासदाजवळ बोललो. तो हसला. “देव नाई मानत तं नका मानू. बाक तं मानता ना? बसा.” पुढे वाचनात आले की हा वाद त्यांच्यातही पहिल्यापासून होता. पुस्तक तयार होत असताना त्यांच्यातल्याच नास्तिकांनी भांडून ‘आम्हांला जसा समजला तसा’ असे शब्द ईश्वराच्या मागे घालायला लावले. मी आजही प्रार्थनेला गप्प असतो. आजपर्यंत कोणी त्याबद्दल बोललेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल. पहिलीच पायरी सांगते की दारूपुढे आम्ही हतबल आहोत हे आम्ही कबूल केले. हतबल हा शब्द माझ्या घशाखाली उतरेना. हजार वर्षे आम्हांला दुसरे काय शिकवले? तू हतबल आहेस, तुझे नशीब आहे, तुझे मागचे कर्म आहे. बाबासाहेबांनी आम्हांला ताठ उभे केले ते पुन्हा हतबल म्हणून बसायला का? याचे उत्तर शोधायला मला चार महिने लागले. मी गावापुढे हतबल नाही, मनूपुढे नाही, संस्थाचालकापुढेही नाही. एका बाटलीपुढे आहे. मी बाटलीपुढे मर्द होतो आणि संस्थाचालकापुढे गप्प होतो. माझे सगळे बळ चुकीच्या लढाईत गेले होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनाही हा शब्द जड गेला असला पाहिजे. श्वेतांच्या सभेत बरोबरीची जागा नाही, तेव्हा १९४५ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांनी आपली सभा उभी केली. सभा टाकून दिली नाही, आपली केली.

६

आपली करायची म्हटल्यावर मी विनयपिटकाकडे वळलो. तेथे सागत नावाच्या भिक्षूची कथा आहे. मोठा सामर्थ्यवान भिक्षू. त्याने एका भयंकर नागाला नमवले अशी त्याची ख्याती झाली. कोसंबीच्या लोकांनी कौतुकाने घरोघर त्याच्यासाठी मद्य काढून ठेवले. तो घरोघर प्याला आणि नगराच्या वेशीत पडला. भिक्षूंनी त्याला उचलून आणले आणि बुद्धाकडे डोके करून निजवले. तो नशेत वळला आणि पाय बुद्धाकडे केले. बुद्धाने भिक्षूंना विचारले, हा पूर्वी आदराने वागत होता ना? आता हा साध्या पाणसापाला तरी नमवू शकेल का? आणि भिक्षूंनी मद्य पिऊ नये असा नियम घातला.

तो नियम कोणत्या वर्गात पडतो हे पाहणे महत्त्वाचे आहे. संघातून कायमचे बाहेर काढणारे अपराध चार, त्यांना पाराजिक म्हणतात. मद्यपान त्यांत नाही. ते पाचित्तिय वर्गात आहे, म्हणजे दुसऱ्या भिक्षूपुढे कबूल केल्याने ज्याचे परिमार्जन होते असा अपराध. पडलेल्या माणसाला संघाने उचलून आत आणले. वेशीत टाकून दिले नाही. पुढे हाच सागत बुद्धाच्या अग्रगण्य भिक्षूंमध्ये गणला गेला.

दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी भिक्षू एकत्र बसत, नियमांचे पठण होई, ज्याच्याकडून चूक झाली त्याने ती उघड करायची. वर्षावासाच्या शेवटी पवारणेला तर प्रत्येक जण दुसऱ्यांना विनवी की माझे काही चुकलेले पाहिले असेल, ऐकले असेल, शंका आली असेल तर सांगा. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ १९५७ साली इंग्रजीत छापून आला. त्यात त्यांनी संघाच्या रचनेत बुद्धाने आणलेली सर्वांत मौलिक गोष्ट म्हणून उपोसथाच्या या उघड कबुलीचाच उल्लेख केला आहे. १९५७. ज्या वर्षी मुंबईत ती पहिली सभा भरली तेच वर्ष. उत्तर आपल्या घरच्या ग्रंथात छापून आले होते. आपण ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरवला, आणि हे पान तसेच राहिले.

उपोसथाची ही कबुली भिक्षूंची, उपासकांची नव्हे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण शरण जाताना आपण तीन नावे घेतो. बुद्ध आपल्याला फोटोत मिळाला, धम्म ग्रंथात मिळाला. तिसरे शरण संघाचे, म्हणजे जित्याजागत्या माणसांचे. प्यालेल्या माणसाला पाचवे शील ऐकवून उपयोग होत नाही. ते त्याला पाठ असते. त्याला तिसरे शरण लागते. गाडगेबाबांनाही हे ठाऊक होते. ते कीर्तनात एकटे बोलत नसत. प्रश्न टाकत आणि हजारो माणसांकडून उत्तर वदवून घेत. पोराच्या तोंडचा घास विकून पिणाऱ्याला तेथे स्वतःच्या तोंडाने बोलावे लागे.

७

सभेने सगळे होते, असे लिहिणे खोटे ठरेल. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकदम सोडली तर फेफरे येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. पहिले काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीखालीच काढले पाहिजेत. मी ते रुग्णालयात काढले. पुण्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, त्यात औषधोपचार आणि गटात बसणे या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. घरच्यांसाठीही वेगळी जागा लागते. अमेरिकेत दारुड्यांच्या बायकांनी १९५१ साली आपली अल-अनॉन ही संघटना केली. मुक्तांगणात बायकांचा सहचरी गट आहे. माझ्या आईने नवऱ्याची दारू काढली आणि मग मुलाची. तिला कोणी कधी विचारले नाही की बाई, तुझे काय? आपल्या वस्त्यांत हा प्रश्न विचारणारी जागा आधी झाली पाहिजे, असे मला हल्ली वाटते.

आणि रखडलेला पगार सभेने मिळत नाही. तासिका तत्त्व सभेने जात नाही. शनिवारी मजुरी देऊन गुत्त्याकडे नेणारा मुकादम अजून आहे. या सगळ्याशी लढायचे आहे, पण शुद्धीवर राहून.

मागच्या उन्हाळ्यात मी आमच्या विहाराच्या समितीकडे अर्ज केला. रविवारच्या वंदनेनंतर खोली एक तास मिळावी, दारू सोडू इच्छिणाऱ्या माणसांना बसण्यासाठी, कोणत्याही जातीच्या. समितीत एक जण उसळला: विहारात बेवडे बसवायचे का? मी सागताची कथा सांगितली. त्याचे समाधान झाले नाही. दुसऱ्या एका म्हाताऱ्या सभासदाने मात्र बराच वेळ खाली पाहत राहून विचारले, “माह्या पोराले आनलं तं चालते का?” मग कोणी काही बोलले नाही. खोली मिळाली.

किल्ली देताना चिटणिसाने रजिस्टर उघडले आणि कशाचा कार्यक्रम म्हणून लिहू, असे विचारले. मी म्हटले, उपोसथ. त्याने अर्थ विचारला, मी सांगितला. तो थोडा थांबला आणि त्याने ‘मीटिंग’ असे लिहिले. पहिल्या रविवारी आम्ही तिघे होतो. म्हाताऱ्याचा पोरगा आला नव्हता. म्हातारा स्वतः येऊन मागे बसला होता.